लाखेची तबकडी आणि धवलारणीचा गळा

लगीनसराई सुरू झाली की उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या गावांना रात्रीची झोप नसते. अंबरनाथ तालुक्यातले कुठलेही खेडे घ्या, बदलापूरच्या पलीकडचे बारवीच्या बाजूचे एखादे गाव घ्या. हळदीच्या रात्री मांडवाच्या तोंडाशी डीजेच्या उंच पेट्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या आवाजाने शेजारच्या घरातली भांडी थरथरतात. गाणी आपल्याच आगरी-कोळी बोलीतली असतात, नाचणारी पोरेही आपलीच असतात. पण मांडवाच्या आत, तांदळाच्या चौकाजवळ, कधी कधी एक म्हातारी बसलेली दिसते. तिचे ओठ हलत असतात. ती काय गाते, हे शेजारी बसलेल्या बाईलाही ऐकू येत नाही. ती म्हातारी म्हणजे धवलारीण.

आवाज साठवण्याची विद्या जगात आली, तिला आता जवळजवळ दीडशे वर्षे होतील. या दीडशे वर्षांत कोणाचा आवाज राहिला आणि कोणाचा विरून गेला, याचा हिशेब शेतकरी घरांनी एकदा मांडायला हवा. कारण आवाज साठवण्याचे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि साठवण्याजोगा आवाज मात्र घराघरांतून उठून चालला आहे.

लग्न लावणारे गाणे

ठाणे-रायगडकडच्या आगरी, कोळी समाजात पूर्वी लग्न लावायचे ते धवलारणीने. मांडव घालणे, हळद लावणे, देवांना आवतण देणे, नवरानवरीला न्हाऊ घालणे, या प्रत्येक विधीचे तिचे वेगळे गाणे असे. त्या गाण्याला म्हणतात धवला. गाणे संपल्याशिवाय विधी पुरा होत नसे. ती पुढे गाई, मागून बाया झेलत, आणि असे रात्र रात्र चाले. वारली समाजातही असेच लग्न लावणारी बाई असते, तिला धवलेरी म्हणतात.

हे गाणे काही आजकालचे नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथातल्या महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो. म्हणजे मराठी बाईची पहिली माहीत असलेली कविता हीच मुळी लग्नातले गाणे आहे. महदंबेचे शब्द पोथीत उतरले म्हणून आपल्यापर्यंत आले. खेड्यातल्या धवलारणीजवळ पोथी नव्हती. तिचे सगळे भांडार तिच्या डोक्यात आणि गळ्यात. सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे ते जात राहिले. मधली एक जरी पिढी शिकली नाही, तरी धागा तुटला.

पत्र्यावरचा आवाज, लाखेवरचे गाणे

अमेरिकेतल्या एडिसनने १८७७ साली पहिल्यांदा बोललेला आवाज यंत्रात धरून परत ऐकवला. युक्ती साधी होती. आवाज म्हणजे हवेतला कंप. एक पातळ पडदा त्या कंपाने हलतो. पडद्याला सुई जोडली आणि ती फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या कथिलाच्या पत्र्यावर टेकवली, की कंपाबरहुकूम पत्र्यावर खाचा उमटतात. तीच सुई त्याच खाचांतून पुन्हा फिरवली की पडदा तसाच हलतो आणि आवाज परत येतो. नांगराने काढलेल्या तासातून बैल पुन्हा त्याच वळणाने चालावा, तसेच हे. पुढे १८८७ साली बर्लिनर नावाच्या गृहस्थाने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी आणली. एका साच्यातून हजारो तबकड्या ठोकता येऊ लागल्या आणि गाणे बाजारात विकायला आले.

ही तबकडी कशाची होती, हे मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. ती होती लाखेची! पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे वस्ती करतात. ते रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच करतात. त्या फांद्या तोडून, कवच खरवडून, धुऊन, वितळवून चपडा लाख तयार होते. बांगड्यांना आणि सुतारकामाच्या पॉलिशला लागते तीच ही. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून गरम साच्यात दाबली, की काळीभोर तबकडी तयार. छोटा नागपूर हे लाखेचे मोठे आगर. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडेही लाख निघते. या पिकाच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संशोधन संस्थाही उभी राहिली. जगभरच्या नामांकित गवयांचे गळे असे हिंदुस्थानातल्या रानातल्या किड्याच्या जोरावर टिकले. लाख गोळा करणाऱ्या आदिवासी बाईचे स्वतःचे गाणे त्या तबकडीवर चढले का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

आपल्या देशात ग्रामोफोन कंपनीचा माणूस पहिल्यांदा यंत्र घेऊन आला तो १९०२ साली. त्याचे नाव फ्रेडरिक गाइसबर्ग. नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्याला त्याने गौहर जान या प्रसिद्ध गायिकेचे गाणे उतरवून घेतले. तेव्हा विजेवरचे ध्वनिमुद्रण नव्हते, मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गायचे, की तिकडे मेणावर खाचा पडत. ते मेण जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तिथून तबकड्या होऊन परत येत. गाणे संपताच गौहर जान स्वतःचे नाव पुकारून सांगत असे. जर्मनीतल्या कामगाराला गाणे कोणाचे हे कळावे, म्हणून ही तजवीज होती, असे सांगतात. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच होऊ लागल्या.

तीन मिनिटांचे माप

या तबकडीची एक अडचण होती. मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला गाणे मावे ते जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवावा लागला. नाटकातली पदे, लावण्या, अभंग, सगळे याच मापाने कापले गेले. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्यांचे गाणे त्यामुळे गावोगाव पोहोचले, हा मोठाच लाभ. आपल्या भावगीताची तर बांधणीच या मापात झाली. भावगीते गाऊन नाव मिळवलेले जी. एन. जोशी पुढे मुंबईला एचएमव्ही कंपनीत गाणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम पाहू लागले आणि अनेक मोठ्या कलावंतांचे गाणे त्यांनी तबकडीवर आणले.

पण रात्रभर चालणारा धवला तीन मिनिटांत कसा बसावा? आणि बसवला तरी विकत घेणार कोण? ज्या बायका तो गात, त्यांना तो फुकट ऐकायला मिळत होता आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला त्याची गोडी नव्हती. पिकते तिथे विकत नाही, अशातली गत. रेकॉर्ड काढायची तर कारखाना हवा, भांडवल हवे. त्यामुळे कोणाचे गाणे टिकवायचे हे कित्येक दशके एक-दोन कंपन्यांच्या कचेरीत ठरत राहिले.

रेडिओ आला, त्याने हे बंधन थोडे सैल केले. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला एक याप्रमाणे ‘गीतरामायण’ सादर झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली. एकूण ५६ गाणी. त्या वेळेला घरोघर माणसे रेडिओभोवती जमत. एका गाण्यासाठी आठवडाभर वाट पाहायची आणि ऐकले की आठवून आठवून म्हणायचे, ही सवय त्या पिढीला होती. गाणे ऐकणारा घरी जाऊन गातही होता.

बराकींमधली गाणी

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी सोडते आणि उल्हासनगर येते. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, म्हणून जुनी माणसे आजही ‘कॅम्प’ म्हणतात. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या बराकींमध्ये जागा मिळाली. १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घर गेले, जमीन गेली, दुकान गेले. सिंधी लोकांच्या वाट्याला भाषेचे स्वतंत्र राज्यही आले नाही. गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत कित्येक कुटुंबांनी दिवस काढले. बरोबर आणता आले ते एकच, गळ्यातले गाणे.

त्यांच्याकडे लग्नात बायका गातात त्या गाण्यांना लाडा म्हणतात. आपल्या धवल्याची जणू बहीणच ती. त्यांच्याकडे भगत नावाचा प्रकार आहे. पायांत घुंगरू बांधून, अंगात झगा घालून गायक रात्रभर गातो, नाचतो, कथा सांगतो. या परंपरेतले संत कंवरराम यांना सिंधी माणूस देवासारखा मानतो. १९३९ साली रूक स्टेशनवर त्यांची हत्या झाली. फाळणीनंतर प्रा. राम पंजवानी मटक्यावर ताल धरून सिंधी गाणी गात आणि विखुरलेल्या समाजाला एकत्र आणत. १९८१ साली सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ दिली. मास्टर चंदर यांच्या गाण्यांच्या तबकड्या सिंधी घरांत जिवापाड जपल्या गेल्या. १९६७ साली सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. पण तोवर भाषा तगवली ती गाण्यांनी आणि ती गाणाऱ्या बायाबापड्यांनी.

त्यांच्या शेजारीच आपली गावे. आपली जमीन जागेवर होती, त्यामुळे गाणेही जागेवरच राहील असे आपण धरून चाललो. आता अंबरनाथ-बदलापूरच्या भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. खाचर गेले, त्याबरोबर लावणीची गाणी गेली. निर्वासित झालेल्या शेजाऱ्याने जे ओळखले, ते घरात बसलेल्या आपल्याला उशिरा कळते आहे.

कॅसेट आली, दार उघडले

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली. प्लास्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या गंजासारखी बारीक पूड बसवलेली असते आणि चुंबकाच्या साहाय्याने तिच्यावर आवाज उमटवतात. तबकडीला कारखाना लागे. कॅसेटच्या नकला एका खोलीत निघू शकत. सत्तरीच्या दशकात आखातात गेलेल्या पोरांनी टू-इन-वन आणले आणि ऐंशीच्या दशकात कॅसेटचे पीक आले. १९८३ साली टी-सीरिज ही कंपनी निघाली. तिच्यामागून आणखी अनेक निघाल्या. गाणे स्वस्त झाले. नकली मालही सुटला, आणि त्यात कलावंतांचे पैसे बुडाले. एकाने गायचे आणि दुसऱ्याने छापून विकायचे, हा अन्याय तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

तरीही कॅसेटने एक मोठे काम केले. ज्यांना रेकॉर्ड कंपनीच्या दारात उभे करत नव्हते, त्यांना दार उघडले. प्रल्हाद शिंदे यांचेच उदाहरण घ्या. विठ्ठलाची गाणी, भीमगीते, कव्वाली, सगळे त्यांनी आपल्या पहाडी आवाजात गायले. आषाढीच्या वारीत, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, अंबरनाथच्या शिवमंदिराच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत आणि गावच्या उरुसात हा एकच गळा ऐकू येई. २००४ साली ते गेले. त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श यांनी गाणे पुढे चालवले. वेसावे कोळीवाड्यातल्या मंडळींच्या कोळीगीतांच्या कॅसेटीही घरोघर गेल्या. आपल्या बोलीला पूर्वी शहरातले लोक हसत. तीच बोली कॅसेटमुळे लग्नाच्या वरातीत मानाने वाजू लागली. हे श्रेय कॅसेटला दिलेच पाहिजे.

मात्र याच कॅसेटने मांडवातली जागा घेतली. वाजणारे गाणे दमत नाही, मानपान मागत नाही, बटण दाबले की सुरू होते. आधी धवलारीण आणि कॅसेट दोघी होत्या. मग कॅसेटच राहिली. पुढे सीडी, मग पेनड्राइव्ह, मग मोबाइल. आता बदलापूरच्या हळदीला वाजते तेच अलिबागच्या हळदीला वाजते. प्रत्येक गावाची चाल वेगळी होती, शब्द वेगळे होते. नवरीच्या आईचे नाव, गावदेवीचे नाव, नदीचे नाव धवलारीण गाण्यात गुंफायची. यंत्रातल्या गाण्याला आपल्या गावदेवीचे नाव कसे ठाऊक असणार?

जाते थांबले, ओवी राहिली

असाच प्रकार जात्याच्या बाबतीत झाला. पिठाची गिरणी गावात आली आणि बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला. ते चांगलेच झाले. पण पहाटेच्या दळणाबरोबर ओवी गेली. साने गुरुजींनी वेळीच ओळखून हजारो ओव्या जमवल्या आणि १९४० साली ‘स्त्री जीवन’ या पुस्तकात छापल्या. पुढे डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड काढले. त्या कामामुळे शब्द वाचले. पण कागदावर चाल उमटत नाही. गळ्यातला हुंदका, ओळ लांबवून मारलेली हाक, जात्याची घरघर, हे पुस्तकात कुठून येणार?

ती उणीव पुण्यातल्या दोन माणसांनी भरून काढली. गी प्वातवाँ हे मूळचे फ्रान्सचे, आणि हेमा राईरकर या आपल्याकडच्या. १९८०च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रातली गावे पालथी घालून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल या जाणकाराच्या मदतीने कित्येक ओव्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. प्वातवाँ २००४ साली आणि हेमाताई २०१० साली वारल्या, पण काम थांबले नाही. २०१७ सालापासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने या ओव्या गाणारणीच्या नावानिशी, गावानिशी इंटरनेटवर आणल्या आहेत. मोबाइलवर त्या कोणालाही ऐकता येतात. शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या गाण्याखाली तिचे नाव लागले, याचे मोल फार मोठे आहे.

घरच्या घरी कसे करावे?

सगळ्याच गावांत कोणी संशोधक येईल, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. जे एडिसनला साधले नसते, ते आज आपला दहावीतला मुलगा करू शकतो. थोड्या गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट परवानगीची. आजी असो की धवलारीण, आवाज कशासाठी घेतो आहोत ते आधी सांगावे. काही गाणी विशिष्ट विधीखेरीज गात नाहीत. ती मागू नयेत. धवलारणीला बोलावले तर तिचा मान द्यावा, साडीचोळी द्यावी. एरवी वाद्यवाल्यांना हजारो रुपये मोजताना आपण कचरत नाही.

जागा शांत निवडावी. पंखा बंद, टीव्ही बंद. दुपारची वेळ बरी. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गोधडी-चादरी असलेली खोली घ्यावी. मोबाइल घडी केलेल्या कापडावर, गाणारणीपासून हातभर अंतरावर ठेवावा. मध्येच फोन वाजू नये म्हणून विमानाचे चिन्ह दाबून ठेवावे.

सुरुवातीला गाणारणीनेच आपले नाव, माहेरचे व सासरचे गाव, आणि हे गाणे कोणाकडून शिकले ते सांगावे. तारीख आपण सांगावी. गौहर जानने १९०२ साली नाव पुकारले, म्हणून तिची तबकडी आजही ओळखता येते. नाव नसलेला आवाज वीस वर्षांनी घरच्यांनाही ओळखता येत नाही.

नुसते ‘गा’ म्हटले की म्हाताऱ्या माणसाला आठवत नाही. हाताला काम द्यावे. घरात जाते असेल तर मूठभर दाणे घालून फिरवायला द्यावे, सूप द्यावे, पाळण्याची दोरी द्यावी. हात चालू लागला की गाणे आपोआप येते. जोडीला तिच्या वयाची दुसरी बाई असली तर अधिकच चांगले. मधे चुकली, थांबली, तरी टोकू नये. मागाहून शब्द वहीत लिहून घ्यावेत. न कळलेल्या शब्दाचा अर्थ तिलाच विचारावा.

ध्वनिमुद्रण एकाच मोबाइलवर ठेवू नये. मोबाइल पाण्यात पडतो, चोरीला जातो. दुसऱ्या घरी, शाळेच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवताना पुष्कळदा फाइल लहान होते आणि आवाजाचा कस कमी होतो, म्हणून मूळ फाइल जपावी. गाणे सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकायचे झाले, तर पुन्हा एकदा विचारून आणि नाव देऊनच टाकावे.

घरात जुन्या कॅसेटी असतील, त्यांत कोणाचे बोलणे, बारशाचे गाणे, भजनी मंडळाचे भजन असेल, तर त्या आधी हाती घ्याव्यात. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत पट्टीला बुरशी धरते. कॅसेट कोरड्या डब्यात ठेवावी, स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवावी आणि जाणकाराकडून तिचा आवाज मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा.

डीजे वाजू नये, असे कोणी म्हणत नाही. तरुण पोरांनी नाचावे, हौस करावी. पण हळदीच्या दिवशी तासभर पेट्या बंद ठेवून धवलारणीला मांडव मोकळा करून द्यायला कोणाचे काय जाते? त्या तासात दोन नाती तिच्याजवळ बसली, चार ओळी शिकली, तर मोबाइलपेक्षाही भक्कम साठवण झाली. झाडावरच्या एवढ्याशा किड्याने दिलेल्या लाखेने शंभर वर्षांपूर्वीचे गळे आपल्यासाठी राखून ठेवले. येत्या लगीनसराईत आपल्या घरातला निदान एक गळा नावगावासकट राखून ठेवू या.